उशाजवळची डबी

१

मंगळवारी दुपारी दोन दहाला त्या गल्लीतली वीज गेली ती तीन पस्तीसला आली. तारा बदलायचं काम होतं. वीज कंपनीने आठवडाभर आधी इमारतीच्या दारावर तसा कागदही डकवला होता. पंखे थांबले, लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली, कोपऱ्यावरच्या न्हाव्याचं मशीन बंद पडून एका गिऱ्हाइकाची अर्धी हजामत राहिली. कळलं नाही ते फक्त आमच्या डबीला.

डबी म्हणजे साबणाच्या वडीएवढं यंत्र. तारांतून वीज वाहू लागली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. डबी ते दर तीन सेकंदांनी मोजते आणि स्वतःत साठवून ठेवते. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाशी घरातल्या या क्षेत्राचा काही संबंध आहे का, हे शोधायचा आमचा प्रकल्प होता. आजारी मुलांची घरं घ्यायची, त्यांच्याच वयाच्या धडधाकट मुलांची घरं घ्यायची, आणि मूल ज्या उशीवर डोकं ठेवतं तिच्याजवळ डबी दोन दिवस ठेवायची. ठेवणं आणि आणणं माझं काम.

त्याआधी तीस वर्षं मी वीज कंपनीत मीटर तपासत होते. वीजचोर पकडण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. निवृत्त झाल्यावर इथे आले, तर पंधरा दिवसांत इथल्या पोरांनी माझं नाव 'काटेकोरकाकू' ठेवलं. ठेवोत बापडे.

"डॉक्टर, सत्त्याऐंशी नंबरचं घर पुन्हा मोजायला हवं," मी प्रकल्पाच्या मुख्य डॉक्टरबाईंना म्हटलं.

त्यांनी मान वर केली नाही. "सरासरी शून्य पूर्णांक शून्य आठ. अगदी साधं घर. काय बिघडलं त्यात?"

मी आलेख त्यांच्यापुढे पसरला. सोमवारी सकाळी दहाला मी डबी ठेवली. पहिली पन्नास मिनिटं आकडा एक पूर्णांक दोनच्या आसपास. मग कड्यावरून दगड सुटावा तसा तो खाली आला, तो दोन दिवस खालीच. बुधवारी सकाळी नऊ वीसला पुन्हा वर. दहाला मी डबी उचलली.

"यंत्र सुरुवातीला जरा अस्थिर असतं, काकू."

"सुरुवातीला असेल. पण शेवटची चाळीस मिनिटं? आणि हे बघा." मी मंगळवारच्या दुपारवर बोट ठेवलं. "इमारतीत वीज नाही. तारांत प्रवाह नाही. रेघ शून्यावर टेकायला हवी होती. ती शून्य पूर्णांक शून्य चारवरून हललेलीसुद्धा नाही."

डॉक्टरांनी चष्मा काढला.

"म्हणजे?"

"म्हणजे मंगळवारी दुपारी डबी त्या घरात नव्हतीच. कोणीतरी ती उचलून नेली, आणि मी घ्यायला येण्याआधी गुपचूप जागेवर आणून ठेवली."

२

घर तळमजल्यावर होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागच्या अंगाला मुलीची छोटी खोली. मुलगी सहा वर्षांची. गालावर ठसठशीत तीळ, म्हणून सगळे तिला 'ठिपकी' म्हणत. चार महिन्यांपूर्वी तिच्या पायांवर बारीक लाल ठिपके उठले आणि ते पुरळ नाही हे रक्त तपासल्यावर कळलं. तेव्हापासून घरात तिला त्या नावाने हाक मारताना प्रत्येकाची जीभ क्षणभर अडखळे. मी डबी ठेवली तेव्हा ती औषधांच्या फेरीसाठी रुग्णालयात होती, आणि तिची आई तिच्यापाशी.

पण आधी मी गेले इमारतीच्या व्यवस्थापकांकडे. वरपासून खालपर्यंत सगळ्या घरांच्या जादा किल्ल्या त्यांच्याकडे असत, म्हणून त्यांना सगळे 'किल्लेदार' म्हणत. त्यांनाही ते आवडे.

"तुमचं ते चुंबक-बिंबक मला कळत नाही," ते म्हणाले. "पण एक सांगतो. या इमारतीत पाच घरं रिकामी आहेत. तळमजल्यावर पोरगी आजारी पडली म्हटल्यावर लोक आधीच नाकं मुरडतात. त्यात तुम्ही डबडी घेऊन फिरता."

"त्या खोलीच्या भिंतीपलीकडे काय आहे?"

कमरेचा जुडगा काढून त्यांनी मागचं लोखंडी दार उघडलं. आत अख्ख्या इमारतीचा ट्रान्सफॉर्मर. त्यातून निघालेल्या मनगटाएवढ्या रुंद तांब्याच्या पट्ट्या भिंतीला अगदी चिकटून वर गेलेल्या. खोलीभर सतत एक घुमणारा आवाज. मी अंदाजाने मोजलं. पट्ट्या आणि ठिपकीची उशी यांच्यामधे फक्त एक वीत जाडीची भिंत होती.

"तुम्हाला हे माहीत होतं."

"बाई, नकाशा मी काढला नाही."

"पण सोमवारी त्यांच्या घराची किल्ली तुमच्याकडे होती. आणि डबीने मोठा आकडा दाखवला असता तर तुमची ती पाच घरं रिकामीच राहिली असती."

त्यांचा चेहरा पडला. मला जुन्या दिवसांसारखं वाटलं, मीटरचं सील तुटलेलं बघून मालकाला घाम फुटावा तसं. पण त्यांच्या दारातून निघून मी ठिपकीच्या खोलीत गेले, आणि माझा सगळा हिशेब फिसकटला.

मी डबी ठेवली तेव्हा पलंग त्या भिंतीला लावलेला होता. आता तो समोरच्या खिडकीखाली होता. भिंतीपाशी फरशीवर त्याच्या चार पायांचे चार स्वच्छ चौकोन तेवढे उरले होते.

३

किल्लेदार डबी चोरतील. पण पलंग कशाला हलवतील? असलं क्षेत्र भिंतीपासून दूर जाल तसं झपाट्याने ओसरतं. खोलीच्या या टोकापासून त्या टोकाला गेलं की जवळपास काहीच उरत नाही. ज्याने पलंग सरकवला त्याला हे ठाऊक होतं. त्याला आकडा लपवायचाही होता आणि पोरगी त्या भिंतीपाशी परत झोपायलाही नको होती. असं माणूस बाहेरचं नसतं.

घरात तेव्हा आत्या एकटीच होती. ठिपकीच्या वडिलांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. भाऊ आणि भावजय दोघं नोकरीला, म्हणून ठिपकी तान्ही असल्यापासून हिच्याच हातात वाढली. तिने मला पाणी दिलं आणि पलंगाच्या कडेवर बसली.

"पलंग कोणी हलवला?"

"भावानं. तुम्ही डबी नेलीत त्या दिवशी. एका शब्दानं काही बोलला नाही. मी विचारलं तर म्हणे, खिडकीतून वारा येतो." ती कडवट हसली. "सहा वर्षांत वारा आला नाही वाटतं."

"तुम्हाला तो खिडकीखाली नको होता?"

"मला?" तिचा आवाज चढला. "मी कंठशोष केला हो! ती भिंत गुणगुणते. हात लावला तर कोमट लागते. मी म्हटलं, पोरीला इथे झोपवू नका, ही भिंत बरी नाही. तर वहिनी म्हणाल्या, ताई, भिंतीला काय भूत लागलंय? त्या शाळेत विज्ञान शिकवतात. मी आपली सातवी. पोरीला सारखा खोकला, थंडीत कोमट भिंत बरी म्हणून त्यांनीच पलंग तिथे लावला. मग मी गप्प बसले. अडाण्यानं किती बोलायचं?"

"म्हणजे डबी ठेवावी असं तुम्हाला वाटत होतं."

"तुमच्या कागदावर सही कर म्हणून भावाच्या मागे मीच लागले. चार दिवस भुणभुण केली."

"सोमवारी मी गेल्यानंतर तुम्ही कुठे होतात?"

"भाजी आणायला. साडेदहाला गेले, साडेअकराला आले. मधे भाऊ येऊन गेला असणार. रुग्णालयात द्यायची फाईल टेबलावर होती, ती आल्यावर नव्हती. पोरीच्या खोलीत मी दोन दिवस पाऊल टाकलं नाही, डबीजवळ जाऊ नका म्हणाला होतात ना."

डबीचा आकडा कोसळला तो दहा पन्नासला. मी वही मिटली. आत्याने माझा हात धरला.

"किती आला हो आकडा?"

मी सांगितलं नाही. सांगायला अजून माझ्याकडे पुरता आकडाच नव्हता. आणि त्याच वेळी मागून पुरुषाचा आवाज आला, "तिला काही विचारू नका. डबी मी नेली होती."

४

ठिपकीचे वडील चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करत. बोलताना समोरच्याकडे न बघता स्वतःच्या बोटांकडे बघायची त्यांना सवय होती. त्यांनी मला बाहेर अंगणात नेलं.

"दुकानात नेली. दोन दिवस माझ्या टेबलाच्या खणात होती. बुधवारी सकाळी परत ठेवली. झालं समाधान?"

"का नेलीत?"

"घर विकायचंय. मोठा आकडा कागदावर आला तर कोण घेईल?"

"तुमच्या खणाशेजारी काच घासायचं चाक आहे ना? मोटरवर चालणारं?"

"आहे."

"दिवसाला किती वेळ चालतं?"

"सकाळी दहा ते संध्याकाळी सात." बोलून गेल्यावर त्यांची बोटं थांबली.

"मोटरशेजारी डबी ठेवली तर दिवसभर आकडा उड्या मारेल आणि दुकान बंद झालं की मेल्यासारखा पडेल. माझ्याकडच्या आलेखात रात्र आणि दिवस सारखेच शांत आहेत. फक्त मधूनमधून छोटे सुळके आहेत. सकाळी साडेसातला, दुपारी साडेबाराला, चारला, संध्याकाळी साडेसातला. प्रत्येक वेळी दोन-दोन. एक आधी, एक अर्ध्या तासानं. प्रत्येक सुळका जेमतेम वीस सेकंदांचा. दोन्ही दिवस, त्याच वेळांना. हे तुमच्या दुकानात काय चालू-बंद होतं?"

ते पुन्हा बोटांकडे बघू लागले.

"तुम्ही कोणाला तरी पाठीशी घालताय," मी म्हटलं. "ताईंना?"

"ताईला यात ओढू नका." ते पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले. "पाया पडतो तुमच्या, बाई. हे इथेच सोडा. आमची पोर बरी होतेय. आकडा कळून तिचं काय भलं होणार आहे?"

प्रश्न रास्त होता. मी तो ऐकलाही. पण मला दुसरंच दिसत होतं. साडेसात, साडेबारा, चार, साडेसात. न्याहारी, जेवण, दूध, जेवण. या वेळा दुकानाच्या नव्हत्या आणि घराच्याही नव्हत्या. त्यांच्या घरात तर घड्याळाप्रमाणे जेवायला कोणी बसतही नसे. मग एवढं शिस्तीत कुठे जेवतात?

५

मुलांच्या वॉर्डात मी साडेबाराच्या आधी दहा मिनिटं पोहोचले. पिशवीत दुसरी डबी होती.

ठिपकी दहा नंबरच्या खाटेवर चित्रात रंग भरत होती. डोक्यावर केस नव्हते, भुवयाही विरळ झालेल्या, त्यामुळे गालावरचा तीळ आणखीच उठून दिसत होता. आई तिची तपासणीची कागदपत्रं आणायला खालच्या मजल्यावर गेली होती. मी खाटेजवळच्या स्टुलावर बसले आणि पिशवीतल्या पिशवीत डबीचा आकडा बघितला. शून्य पूर्णांक शून्य चार.

जेवणाची गाडी आली. नर्सने खाटेचं बटण दाबलं. खाटेखालची मोटर घरघरली आणि ठिपकीचं डोकं हळूहळू वर आलं. आकडा वर चढला, मोटर थांबताच खाली बसला. वीस सेकंद.

"जेवण झालं की परत खाली करता?" मी नर्सला विचारलं.

"हो. अर्ध्या तासानं."

"वीज गेली तर?"

"इथे जाऊन कसं चालेल? जनरेटर आहे ना."

ठिपकीने भाताचा घास तोंडात धरून माझ्या उघड्या पिशवीत डोकावून बघितलं.

"ही परत आणलीत?" ती म्हणाली. "आई म्हणाली होती, एकदाच ठेवायची. मी हिला उशीखाली घेऊन झोपले होते. आता पण ठेवू?"

"नको, राजा," मी म्हटलं. "आज नको."

डबी मुलाच्या उशाजवळच राहिली होती. अगदी नियमाप्रमाणे. फक्त उशी दुसरी होती.

मी आई यायच्या आत निघाले. म्हणजे नवऱ्याने फाईलबरोबर डबी आणली, आणि बायकोने ती दोन दिवस सांभाळली. पण डोकं कोणाचं? चष्म्याच्या काचा घासणाऱ्याला सरासरीचं गणित कुठलं सुचणार? सुरुवातीची पन्नास मिनिटं आणि शेवटची चाळीस मिनिटं मोठा आकडा आला तरी अठ्ठेचाळीस तासांच्या सरासरीत तो बुडून जाईल, हे ज्याने ओळखलं त्याला आकडे कळत होते. तरीही एक कोडं उरलं होतं. डबी ठेवायच्या आधी, भिंतीमागचा आकडा मोठाच असणार याची तिला एवढी खात्री कशी?

ती ज्या शाळेत शिकवत होती तिथे मी दुसऱ्या दिवशी गेले. प्रयोगशाळेच्या मदतनिसाने सामानाची नोंदवही माझ्यापुढे सरकवली. आमचं संमतीपत्र त्यांच्या घरी पोहोचलं त्याच्या तिसऱ्या दिवशी तिने दोन वस्तू घरी नेल्या होत्या. हजार वेढ्यांचं तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि विजेचा अगदी बारीक दाब मोजणारा एक मीटर.

हे वेटोळं मीटरला जोडून वीज वाहणाऱ्या तारांजवळ धरलं की काय होतं, ते विज्ञानाचा शिक्षक वर्षानुवर्षं मुलांना करून दाखवतो. काटा हलतो.

तिने आमच्या आधी ती भिंत मोजली होती.

६

डॉक्टर म्हणाल्या, "आता हे तिच्याशी एकटीशी बोला. नाहीतर मी बोलते. ही पोलिसचौकी नाही, काकू."

मी ऐकलं नाही. तीस वर्षं चोर पकडले, पण प्रत्येक वेळी साहेबाने पुढे होऊन बोलायचं आणि मी मागे मीटर धरून उभं राहायचं. या वेळी मला बोलायचं होतं. रविवारी दुपारी, ठिपकी घरी आल्यावर, मी सगळ्यांना त्यांच्या बाहेरच्या खोलीत बसवलं. डॉक्टर आल्या. किल्लेदारही आले. माझ्यावरचा डाग पुसल्याशिवाय उठणार नाही म्हणाले. वडील दाराशी उभे. आई आणि आत्या एकाच बाकड्याच्या दोन टोकांना. ठिपकी आत खिडकीखालच्या पलंगावर झोपली होती.

मी एकेक धागा उलगडत गेले. गेलेली वीज, सरकलेला पलंग, जेवणाच्या वेळांचे सुळके, शाळेची नोंदवही. माझा आवाज चांगला लागला होता, हे मला आजही आठवतं.

"आता प्रश्न एवढाच," मी म्हटलं, "की का? घर विकायचं म्हणून नाही. विकायचं असतं तर तुम्ही आधी किल्लेदारांच्या कानावर घातलं असतं. आणि त्यांचा चेहरा सांगतोय की हे ते आत्ता ऐकतायत."

"आत्ताच ऐकतोय," किल्लेदार पुटपुटले.

"पोरीला धोका नको म्हणून तर तुम्ही पलंग हलवायला लावलात. म्हणजे आकडा तुम्हाला पोरीपासून लपवायचा नव्हता. आमच्यापासूनही नाही. आम्ही तो कपाटात ठेवला असता. नियमाप्रमाणे आकड्याची एक प्रत घरी येते. ती या घरात एकाच माणसाने वाचायला नको होती. ज्या माणसाने सहा वर्षांपूर्वी सांगितलं होतं की ही भिंत बरी नाही."

आईने हातातल्या रुमालाची घडी घातली. मग तिने सरळ माझ्याकडे बघितलं.

"बरोबर आहे. तुम्ही हुशार आहात." तिच्या बोलण्यात राग नव्हता. "मी वेटोळं भिंतीला लावलं आणि काटा हलला. मी वर्गात मुलांना दाखवते तेव्हा सुद्धा इतका हलत नाही. मला सगळं माहीत आहे. अशा घरांत हा आजार थोडा जास्त दिसतो, पण त्यानेच होतो असं कोणी सिद्ध केलेलं नाही. दहा हजारांत एक, फार तर दोन. हे सगळं मीच दुसऱ्याला समजावून सांगितलं असतं. पण माझ्याकडे दहा हजार मुली नाहीत हो. एकच आहे. आणि तिचा पलंग मी तिथे लावला." ती थांबली. "सही नाकारली असती तर ताईंना तेवढ्यावरूनच कळलं असतं. ताई काही बोलल्या नसत्या. मला माहीत आहे. नुसत्या बघत राहिल्या असत्या. भात वाढताना, तिची वेणी घालताना. जन्मभर. ते मला सोसलं नसतं."

मला वाटलं, आता आत्या बोलेल. सहा वर्षं वेड्यात काढलेलं माणूस. मला वाटलं, ती रडेल, भांडेल, निदान 'सांगत होते ना मी' एवढं तरी म्हणेल.

आत्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"म्हणजे खरंच होतं," ती म्हणाली. "मला खरंच कळलं होतं."

"ताई, असं नाही," डॉक्टर घाईने पुढे झाल्या. "एका घराच्या आकड्यावरून काहीच सांगता येत नाही. भिंत गुणगुणते म्हणून आजार होत नाही..."

"मला कळत होतं," आत्या तेच म्हणत होती. "मग मी पलंग का नाही ओढला? घरात दिवसभर मीच असायचे. तुम्ही दोघं कामावर गेलात की ओढायचा होता. संध्याकाळी परत लावायचा होता. कोणाला कळलं असतं? अंगात काय बळ नव्हतं माझ्या?"

"ताई," भाऊ म्हणाला.

"वहिनींना माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि मी रोज दुपारी तिला थोपटून तिथंच निजवत होते."

भावजय उठली आणि तिच्यापाशी जाऊन उभी राहिली. हात पुढे केला, पण तो खांद्यापर्यंत गेला नाही. आतून ठिपकीने हाक मारली, "आत्या, पाणी." नेहमीप्रमाणे आत्या उठली. दोन पावलं गेली आणि थांबली.

"तुम्ही द्या, वहिनी," ती म्हणाली.

७

आठ दिवसांत आत्या ते घर सोडून गेली. भाऊ दोनदा आणायला गेला, भावजय एकदा. ती आली नाही.

डबी पुन्हा ठेवू द्यायला आईवडिलांनी नकार दिला. तो त्यांचा हक्क. मग नोंद सदोष म्हणून सत्त्याऐंशी नंबरचं घर यादीतून खोडलं गेलं. दीड वर्षाने अहवाल निघाला. बहुतेक घरांत आकडा अगदी लहान. मोठा आकडा असलेली घरं बोटांवर मोजण्याइतकी, त्यांत आजारी मुलांची किंचित जास्त, पण ती इतकी थोडी की योगायोग नाही असंही म्हणता येत नाही. आणखी अभ्यासाची गरज आहे, असं शेवटचं वाक्य. डॉक्टरांनी ते प्रामाणिकपणे लिहिलं होतं. त्या माझ्याशी कामापुरतं बोलतात. किल्लेदारांनी ट्रान्सफॉर्मरच्या खोलीला नवीन कुलूप लावलं.

ठिपकी बरी झाली. ज्यांना हा आजार होतो त्यांतली बरीच मुलं आता बरी होतात. तिला दाट कुरळे केस आले. पूर्वीचे सरळ होते म्हणे. ती शाळेत जाते.

हे सगळं सांगायला मी आत्याला शोधत गेले. ती नोकरदार बायकांच्या एका वसतिगृहात देखरेखीचं काम करते. मी गेले तेव्हा गच्चीवर चादरी वाळत घालत होती. मला बघून तिने तोंड फिरवलं नाही. चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं, आणि आम्ही दोघींनी मिळून चार-पाच चादरी झटकून दोरीवर टाकल्या.

मी कागदावर लिहून आणलं होतं, सोपं करून. तिला वाचून दाखवलं. भिंतीमुळे धोका दुप्पट होतो असं जरी खरं धरलं, तरी त्याचा अर्थ असा, की अशा घरांतल्या दोन आजारी मुलांमधलं एक कसंही आजारी पडलंच असतं. पलंग कुठेही असता तरी. आणि दुप्पट होतो हेही अजून नक्की नाही. कदाचित कारण भलतंच असेल, जे कोणी मोजलेलंच नाही. म्हणून तुम्ही पलंग ओढला असता तरी...

तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मधे एकदाही तोडलं नाही.

"म्हणजे आमची ठिपकी त्या दोघांतली कुठली?"

"ते सांगता येत नाही."

"कधीच?"

"कधीच नाही."

तिने बादलीतली पुढची चादर उचलली, पिळली, आणि दोरीकडे जाता जाता विचारलं, "मग तुम्ही मापलंत तरी काय, बाई?"

मी कागदाची घडी घातली. चादरीचं टोक धरायला हात पुढे केला, पण ती चादर तिने एकटीनेच टाकली.